काप्तेनीचा अर्ज

शनिवारी सकाळी दहालाच जमिनीतल्या भट्टीचा धूर वाइपुलूंच्या अंगणातून खाली टोंगातल्या नेइयाफूच्या बंदरापर्यंत पसरला आणि ज्यांना आमंत्रण नव्हतं तेही "सहज इकडून चाललो होतो" म्हणत फाटकातून आत येऊ लागले. गुरुवारच्या विमानाने सेमिसी उपचारांसाठी परदेशी जाणार होता. कुठल्या देशात, असं कुणी विचारलं की त्याचा मुलगा फिलिमोने मोठ्या आवाजात सांगायचा. पण विमान तीन ठिकाणी बदलायचं असल्यामुळे दर वेळी वेगळ्याच देशाचं नाव त्याच्या तोंडात यायचं. ऐकणारे मात्र प्रत्येक देशाला तितक्याच कौतुकाने "अरे वा!" म्हणत होते.

सेमिसीची मुलगी कालिसी ऑकलंडहून कालच आली होती. तिथल्या इस्पितळात नर्स म्हणून तिला चौदा वर्षं झाली होती, आणि वडिलांचं हे जाणं तिला नातेवाइकांच्या फोनवरून, म्हणजे सगळ्यात शेवटी, कळलं होतं. आता ती स्वयंपाकघरात आईसमोर बसून अळूच्या पानांत मांस आणि नारळाचं दूध बांधत होती आणि प्रत्येक पुरचुंडी गरजेपेक्षा जास्त घट्ट आवळत होती.

"आई, तू तरी बोल."

"मी काय बोलू? तुझी आत्या बोलली."

"आत्या डॉक्टर आहे का?"

"तुझ्या बापाची थोरली बहीण आहे. डॉक्टरच्या वर आहे," पिसिला म्हणाली. "आणि त्या जरा सैल बांध. फुटतील."

"अगं, पोटावरची चरबी काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि हातात सुई टोचून परत सोडून देतात. बाबांचा कंपवात आहे मेंदूत. त्या पेशी तिथवर जाणार कशा? रस्ता विचारत?"

"तुझ्या बापाच्याच पेशी ना? मग रस्ता विचारणार नाहीत," आई म्हणाली. "हरवतील, पण विचारणार नाहीत."

कालिसीला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. तेवढ्यात आईने इकडेतिकडे बघून डावा कान तिच्याजवळ आणला. "काली, एक सांग. त्या लोकांकडे कानासाठीही सुई असते का गं?"

"आई! तूसुद्धा?"

"मी फक्त विचारलं."

अकरा वाजता लोसा आत्या आली. तिचं घर शेजारीच, दोनशे पावलांवर, पण संधिवाताने तिचे दोन्ही गुडघे गेल्यापासून ती हे अंतर पिकअपच्या मागच्या भागात खुर्ची ठेवून, त्यात ताठ बसून, हात हलवत पार करायची. लोसालिने, वय चौऱ्याहत्तर. कुटुंबातली लग्नं, मयतं, मुलांची नावं ठेवणं, भांडणं मिटवणं, सगळ्यांत शेवटचा शब्द तिचा. भावाच्या मुलांवर आत्याचा जितका हक्क, तितका बापाचाही नाही. तिच्या मागोमाग, वीस मिनिटांनी, लंगडत लंगडत काप्तेनीही पोहोचला आणि ओसरीच्या पायरीशी धप्पकन आडवा झाला. हा तिचा नऊ वर्षांचा डुक्कर. बेटावरच्या बाकीच्या डुकरांचं जे होतं ते त्याचं व्हायला कधीच हवं होतं, पण आत्याने तारीख काढायची आणि आदल्या दिवशी तिनेच ती पुढे ढकलायची, असं नऊ वर्षं चाललं होतं.

ती ओसरीवर चढली तसा सेमिसी उठून अंगणातल्या फणसाखालच्या चटईवर जाऊन बसला. त्यात रागलोभ काही नव्हता. मुलगा दहा वर्षांचा झाला की तो बहिणीबरोबर एका खोलीत बसत नाही, तिच्यासमोर थट्टामस्करी करत नाही, तिच्या अंगाला हात लावत नाही. तो मान आहे तिचा. ऑकलंडला वाढलेली नातवंडं आता हे फारसं पाळत नाहीत. सेमिसी आणि लोसा अठ्ठावन्न वर्षं पाळत आले होते. एकमेकांना काही सांगायचं असलं तर ते पिसिलातर्फे जायचं, किंवा ओसरी आणि अंगण यांच्यामध्ये मोठ्याने, जरा उपऱ्यासारखं बोललं जायचं.

फिलिमोनेचे पाय सकाळपासून जमिनीला लागत नव्हते. त्याने भट्टी रचली होती, टीव्हीला लॅपटॉप जोडला होता, डुकराची दोन पिल्लं भाजायला लावली होती आणि भेटेल त्याला तो "सत्तर टक्के!" म्हणून सांगत होता. क्लिनिकच्या पत्रात तसंच लिहिलं होतं: सत्तर टक्के सुधारणा अपेक्षित. घरची शेती व्हॅनिलाची होती. व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेवढ्या वेळात प्रत्येक फुलाचा पडदा काडीने उचलून पराग हाताने लावावा लागतो, नाहीतर शेंग धरत नाही. सेमिसी एका सकाळी दीड हजार फुलं करायचा. बाया त्याचे हात बघायला थांबायच्या. फिलिमोनेची बोटं जाड होती, शंभरातली वीस फुलं तो मोडायचा, आणि गेली चार वर्षं बाप वेलींच्या टोकाला उभा राहून काही न बोलता हे बघत होता.

"सत्तर टक्के म्हणजे किती, ठाऊक आहे?" तो ओसरीवर पास्टर तानिएलांना सांगत होता. "हजारेक फुलं! मोसम सुरू होईपर्यंत बाबा वेलीत. आणि माझ्या साखरेवरही औषध आहे म्हणतात. बाबांचं झालं की माझा नंबर."

"त्यांच्या यादीत गुडघे आहेत," कालिसी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "कंपवात आहे, साखर आहे, विसरभोळेपणा आहे, पाठ आहे, टक्कल आहे. सगळ्याला एकच सुई."

"मग बरंच आहे की," लोसा आत्या म्हणाली. "सुया कमी लागतील."

"टक्कलही?" पास्टरांनी हळूच विचारलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

ओसरीवर हशा उठला. मग जो तो आपापलं दुखणं सांगू लागला. कुणाची पाठ, कुणाचा डोळा, कुणाची सासू. कुणीतरी गिटार आणली. नारळ-कलिंगडाच्या सरबताची बादली फिरली. पुढच्या वर्षी सगळ्या आळीनेच एक विमान करून जावं, असं ठरलं. पास्टर खिडकीशी बसणार होते. आत्याचे गुडघे बरे झाले की ती चर्चच्या जत्रेत नाचणार, असं तिच्याच तोंडून बाहेर पडलं आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. कालिसीला वाटलं, या माणसांना 'नाही' म्हणणं म्हणजे लग्नाच्या मांडवात शिरून दिवे घालवणं. तरी ती पुढे झाली.

"आत्या, आमच्या वॉर्डात असे दोघं आले होते. सुया घेऊन परतलेले. एकाच्या पाठीत जंतू झाले होते. तो माणूस बाबांपेक्षा लहान होता."

आत्याने तिच्याकडे नीट बघितलं.

"तू इथे नसतेस, कालिसी," ती शांतपणे म्हणाली. "तुला रोज दिसत नाही. मला दिसतं. तो जाणार."

झालं. फिलिमोनेने बहिणीकडे विजयी नजर टाकली. पिसिला पुरचुंड्या मोजायला आत गेली.

बाराला टीव्हीवर क्लिनिकचे मिस्टर ब्राइस आले. पांढरा कोट आणि इतके पांढरे दात की पास्टर जरा मागे सरकले. सगळी आळी खोलीत आणि खिडक्यांत दाटली. सेमिसी, बहीण आत असल्यामुळे, पायरीपाशीच उभा राहिला. ब्राइस इंग्रजीत बोलत होते आणि कालिसी, दुसरं कुणी नव्हतं म्हणून, एकेक वाक्य टोंगनमध्ये सांगत होती.

"म्हणतात, तुम्हा सगळ्यांना बघून आनंद झाला. म्हणतात, सगळी तयारी झाली आहे. विमानतळावर माणूस येईल." ती थांबली. "म्हणतात... दोघांनाही एकाच खोलीत ठेवलं तर चालेल ना?"

"दोघं कोण?" फिलिमोने म्हणाला. "बाबा एकटेच जाणार. विचार, दुसरं कोण?"

कालिसीने विचारलं. ब्राइसनी कागद चाळले.

"मिस्टर काप्तेनी वाइपुलु," ते म्हणाले.

हे नाव सांगायला दुभाषा लागला नाही. पायरीशी काप्तेनीने कान हलवून डोकं वर केलं.

"काय म्हणाला तो?" आत्याने विचारलं.

"आत्या, ते म्हणतात की... काप्तेनीचा अर्ज आला आहे." कालिसीचा आवाज कापायला लागला होता. "वाचू का म्हणतात, खात्रीसाठी."

"वाचू दे."

ब्राइस वाचू लागले आणि कालिसी सांगू लागली. वय. अर्जात नऊ लिहिलंय, शून्य राहून गेलं असावं, आम्ही नव्वद धरलंय. नव्वदी ही काही अडचण नाही. वजन दोनशे दहा किलो, ते थोडं उतरवावं लागेल. तक्रार, उजवा मागचा पाय.

"मागचा?" पास्टर म्हणाले.

"ते म्हणतात, म्हणजे उजवा खुबा. खाण्यापुरतेच उठतात. दिवसाचा बराच वेळ चिखलात असतात. चिखलाचे उपचार त्यांनी आधीच सुरू केलेत, हे उत्तम आहे. स्वभाव, चावतो. वेदनेने माणूस चिडचिडा होतो, त्याचं काही मनावर घेऊ नका. पत्नी..." कालिसीने डोळे मिटले. "पत्नी, पुष्कळ."

खिडकीतून कुणाचा तरी घुसमटल्यासारखा आवाज आला.

"म्हणतात, आम्ही सर्व रूढींचा आदर करतो."

पास्टरांनी टोपी तोंडावर धरली.

"शेवटी म्हणतात, वैद्यकीय मंडळाने अर्ज बारकाईने तपासला. काप्तेनी उत्तम उमेदवार आहेत. सुधारणा अपेक्षित..." तिने वळून भावाकडे पाहिलं. तिला ते मोठ्याने सांगावंसं वाटेना. पण आकडा इंग्रजीतही फिलिमोनेला पाठ होता.

"सत्तर टक्के," तो म्हणाला.

तो बराच वेळ त्या दातांकडे बघत राहिला. मग उठला, दोन्ही हातांनी लॅपटॉप मिटवला आणि त्यावरच बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण तोंड असं झालं होतं की कालिसीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

कुणी हसेना. हसायची हिंमत कुणाला होणार? डुक्कर आत्याचा, निर्णय आत्याचा, आणि ज्याने कुणी हे केलं होतं त्याने सगळ्या गावासमोर तिची थट्टा केली होती.

"कालिसी," आत्या म्हणाली.

"आत्या, देवाशपथ मी नाही. मला सुचलं असतं तर केलं असतं, पण सुचलं नाही."

"मग कोण?"

"मी," पायरीवरून आवाज आला.

कंपवाताने सेमिसीचा आवाज बारीक झाला होता; तो बोलायला लागला की सगळ्यांना श्वास धरावा लागे. उजवा हात मांडीशी थरथरत होता, तो त्याने डाव्याने धरला.

"मी पाठवला. फिलिमोनेच्या टॅबवरून. तीन दुपारी लागल्या. एक अक्षर दाबलं की चार उमटतात." त्याने मान खाली घातली. "आक्का, तुम्हाला नाही म्हणणं मला जमत नाही. जन्मात म्हटलं नाही. पण मला भीती वाटत होती. म्हणून म्हटलं, आधी काप्तेनीला विचारून बघावं. त्याला ते नाही म्हणाले असते, तर मी गेलो असतो."

पिसिलाने पदरासारखा टॉवेल तोंडाला लावला. पास्टर जमिनीकडे बघू लागले. भावाने बहिणीची थट्टा केली होती, भर सभेत.

लोसालिने खुर्चीत ताठ बसून होती. रागवायचं हे तिने ठरवलं होतं. शब्दही तयार होते. पण तिला मध्येच सेमिसी दिसला, नऊ वर्षांचा, पाण्याच्या टाकीमागे उभा राहून मास्तरांची नक्कल करणारा. शर्टात नारळ खुपसून केलेलं पोट, आणि तेच तोंड. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि हसून हसून तिच्या हातची बादली कलंडली होती. पुढच्या वर्षी त्याची झोपायची चटई मुलांच्या झोपडीत गेली आणि त्यानंतर त्याने तिला कधी हसवलं नाही. तिला वाटलं होतं, तो आता तसा राहिला नसेल. आणि हा माणूस तीन दुपारी झाडाखाली बसून, एका अक्षराला चार उमटत असताना, 'पत्नी, पुष्कळ' असं लिहीत होता!

ते पोटातून आलं. आधी तिचे खांदे हलले, मग खुर्ची करकरली आणि मग असा आवाज निघाला की बाहेर काप्तेनी धडपडून उभा राहिला, काही खायला न देताच. "नव्वद!" ती ओरडली. "माझ्यापेक्षा मोठा!" मग जो स्फोट झाला तो खालच्या बंदरातल्या बोटींवरही ऐकू गेला. पास्टर भिंतीला टेकून खाली घसरले. पिसिला रडत होती की हसत होती ते तिलाच कळत नव्हतं. कुणी शांत होऊ लागलं की दुसरं कुणी "चिखलाचे उपचार!" म्हणायचं आणि पुन्हा सुरू. फिलिमोनेही हसला, लॅपटॉपवर बसल्या बसल्या, डोळे पुसत. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ.

हसणं ओसरलं तेव्हा आत्या ओसरीच्या दारात आली होती, दोन्ही बाजूंनी चौकटीला धरून.

"तुझा चहा अर्धा कप ओततात," ती भावाला म्हणाली. "मी तिकडून बघते. तू तो तोंडाशी नेतोस आणि निम्मा अंगावर सांडतो. मला उठून येता येत नाही, तुझा हात धरता येत नाही. मग मी काय करायचं होतं सेमिसी? विमानात बसवता येत होतं, तेवढं केलं."

सेमिसी फणसाखाली जाऊन बसला. बसताना त्याला वेळ लागला. मग त्याने लेकीला हाक मारली.

"काली, हे सोड. खरंखुरं कुठे काही चाललंय का?"

कालिसी त्याच्याजवळ उकिडवी बसली. चार महिने ती हे पोटात ठेवून होती.

"चाललंय बाबा. ऑस्ट्रेलियात एके ठिकाणी. थोडीच माणसं घेतात. तिथे पेशी थेट मेंदूत सोडतात, शस्त्रक्रिया करून. सध्या फक्त त्रास होत नाही ना, एवढंच बघताहेत, वर्षानुवर्षं. तुम्ही अडुसष्टचे. बहुतेक नाही म्हणतील."

"आणि घेतलं तर? बरं वाटेल?"

"ते म्हणतात, आम्हाला माहीत नाही."

"असं म्हणतात?" सेमिसी तिच्याकडे बघत राहिला. "डॉक्टर असून?"

"हो."

"लिहून देतात?"

"पहिल्याच पानावर आहे."

"मग त्यांना पत्र लिही," तो म्हणाला. "नाही म्हणाले तर म्हणू देत. 'नाही' म्हणता येणारं कुणीतरी या घराला भेटायला हवंच होतं."

"ए, मला ऐकू येतं," आत्या ओसरीवरून म्हणाली.

मग तिने फिलिमोनेला बोलावलं, पास्टरांना बोलावलं, आणखी दोघं धट्टेकट्टे बघून बोलावले. "मला त्या चटईवर न्या," ती म्हणाली.

"कुठल्या?" फिलिमोनेने विचारलं, कळूनही.

"तो बसलाय त्या."

"आत्या, पण तिथे तर बाबा..."

"मान कुणाचा आहे रे? माझा ना? मग तो कुठे ठेवायचा ते मी बघते."

चौघांनी तिला पायऱ्यांवरून उतरवलं, अंगणातून नेलं आणि फणसाखाली हळूहळू, गुडघ्यांच्या एकेका कटकटीला थांबत, खाली बसवलं. ती धापा टाकत होती. शेजारी सेमिसी पुतळ्यासारखा झाला होता. हात तेवढा हलत होता. तिने तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरला. हात थांबला नाही. तिच्या तळव्यांत पकडलेल्या पाखरासारखा धडपडत राहिला. ती धरून राहिली.

"शेवटी कधी गं बसलो होतो असं?" तो म्हणाला.

"टाकीमागे. माझी बादली सांडलीस तू."

"तूच सांडलीस. हसत होतीस."

फिलिमोने बाजूला उभा राहून नाक शिंकरत होता. "आत्या, बसलात खऱ्या," तो म्हणाला, "पण आता उठायचं कसं? मघाशी चार माणसं लागली, ती उतारावर. आता चढ आहे."

"उठायचंय कुणाला?" सेमिसी म्हणाला, आणि दोघं पुन्हा एकमेकांकडे बघून फुटले, एवढे की ती त्याच्यावर कलंडली, तो झाडावर, आणि दोघांनाही सरळ होता येईना. पोरंबाळं धावली, पण त्यांना उचलायचं की नुसतं बघायचं हेच कुणाला ठरवता येईना.

भट्टी उघडली होती. वाफेबरोबर अळूचा आणि भाजल्या कोनफळाचा वास अंगणभर पसरला. पिसिला पुरचुंड्यांचं ताट घेऊन आली, त्या दोघांसमोर क्षणभर उभी राहिली, आणि मग तिने त्यांच्या मध्ये केळीचं एकच पान मांडलं.